‘काहीही सापडलं नाही’ म्हणजे कागदच नाही? स्वतःचं सर्च इंजिन कसं बनतं आणि मराठीत ते कुठे अडतं

अलिबाग तालुक्यातल्या चरी गावचा शेतकरी संप हा महाराष्ट्राच्या इतिहासातला एक मोठा लढा. १९३३ मध्ये चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी खोतांच्या जमिनी कसायच्या नाहीत, असं ठरवलं. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली हा संप १९३९ पर्यंत चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि १९३७ मध्ये खोती पद्धत रद्द करण्यासाठी मुंबई विधिमंडळात विधेयकही मांडलं.

आता समजा, या संपाबद्दलचे जुने अहवाल, वर्तमानपत्रांची कात्रणं आणि पुस्तकं कोणीतरी स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवली आहेत. तुम्ही सर्चच्या चौकटीत ‘रायगड जिल्हा शेतकरी संप’ असं टाइप करता. उत्तर येतं: काहीही सापडलं नाही.

कागद तिथेच आहे. पण त्या काळी जिल्ह्याचं नाव रायगड नव्हतं, कुलाबा होतं. रायगड हे नाव १ जानेवारी १९८१ पासून आलं. त्यामुळे १९३३ च्या कागदात ‘रायगड जिल्हा’ हे शब्द असणारच नाहीत. सॉफ्टवेअरने चूक केली नाही, त्याला ही गोष्ट कोणी सांगितलीच नव्हती.

आज ग्रामपंचायती, वाचनालयं, पतसंस्था, वकील, अभ्यासक, अगदी घरातली माणसंही कागद स्कॅन करून ठेवतात. ते शोधण्यासाठी स्वतःचं सर्च इंजिन बनवणं आता अवघड राहिलेलं नाही, अनेक सॉफ्टवेअर मोफत आहेत. पण मराठी कागदांसाठी ते बनवताना काही गोष्टी माहीत नसतील, तर असलेला कागदही ‘नाही’ असं उत्तर मिळत राहतं.

स्वतःचं सर्च इंजिन म्हणजे नेमकं काय?

गुगल सगळ्या इंटरनेटवर शोधतं. स्वतःचं म्हणजेच कस्टम सर्च इंजिन फक्त तुम्ही नेमून दिलेल्या जागी शोधतं. ती जागा म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरवरचं एक फोल्डर असेल, संस्थेची वेबसाइट असेल किंवा तुम्ही निवडलेल्या दहा-वीस वेबसाइट असतील.

याचा फायदा साधा आहे. ‘चरी’ हा शब्द गुगलवर टाकला, तर गावासोबत पाणी अडवण्यासाठी खोदलेल्या चरीही समोर येतात. फक्त संपाबद्दलच्या कागदांत शोधलं, तर असा गोंधळ बराच कमी होतो. शिवाय जे कागद इंटरनेटवर नाहीतच, ते गुगलला कधीच सापडणार नाहीत. तुमच्या कपाटातली फाइल तुमचंच सर्च इंजिन शोधू शकतं.

या क्षेत्रातल्या एका प्रसिद्ध सॉफ्टवेअरची सुरुवात स्वयंपाकघरातून झाली होती. शाय बॅनन यांची पत्नी लंडनमध्ये पाककला शिकत होती. तिच्या पाककृती शोधता याव्यात म्हणून त्यांनी एक प्रोग्रॅम लिहायला घेतला. पुढे त्याच कामातून २०१० मध्ये ‘इलॅस्टिकसर्च’ आलं. आज जगभरातल्या मोठमोठ्या कंपन्या ते वापरतात. म्हणजे गरज घरगुतीच होती: आपले कागद, आपल्याला हवे तेव्हा सापडावेत.

सर्च बटण दाबल्यावर आत काय होतं?

अनेकांना वाटतं, की शब्द टाकला की कॉम्प्युटर सगळ्या फाइल भराभर वाचून काढतो. तसं होत नाही. वाचन आधीच झालेलं असतं.

जाड पुस्तकाच्या शेवटी सूची असते. ‘खोत: पान १२, ४५, ८०’ अशी. सर्च इंजिन तुमच्या सगळ्या कागदांची अशीच एक सूची आधी तयार करून ठेवतं. तिला ‘इंडेक्स’ म्हणतात. तुम्ही शब्द टाकला, की ते फक्त या सूचीत पाहतं.

समजा, आपल्याकडे तीनच पानं आहेत:

पान १: चरी गावातल्या कुळांचा संप
पान २: खोतांनी कुळाला नोटीस दिली
पान ३: खारेपाटातली शेती ओस पडली

यावरून बनणारी सूची अशी असेल:

चरी: पान १
गावातल्या: पान १
कुळांचा: पान १
संप: पान १
खोतांनी: पान २
कुळाला: पान २
आणि पुढे तसंच.

एकापेक्षा जास्त पानं सापडली, तर वर कोणतं दाखवायचं? त्यासाठी दोन गोष्टी प्रामुख्याने पाहिल्या जातात. शब्द त्या पानात किती वेळा आला आहे आणि तो शब्द एकूण संग्रहात किती दुर्मीळ आहे. ‘आणि’ हा शब्द प्रत्येक पानावर असतो, म्हणून त्याला फारसं वजन नाही. ‘खारेपाट’ थोड्याच पानांवर असतो, म्हणून त्याला वजन जास्त. दुर्मीळ शब्दाला जास्त महत्त्व देण्याची ही कल्पना ब्रिटिश संशोधक कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडली. आजही बहुतेक सर्च इंजिनच्या मुळाशी ती आहे.

आता वरच्या सूचीकडे पुन्हा पाहा. त्यात ‘कूळ’ शोधलं तर काय मिळेल? काहीच नाही. कारण सूचीत ‘कुळांचा’ आहे, ‘कुळाला’ आहे, पण नुसतं ‘कूळ’ कुठेच नाही. इथूनच मराठीची खरी अडचण सुरू होते. पण त्याआधी आणखी एक पायरी आहे आणि बरेच जण तिथेच अडखळतात.

पहिली परीक्षा: फाइलमध्ये अक्षरं आहेत का?

स्क्रीनवर मराठी दिसतं, म्हणजे फाइलमध्ये मराठी आहेच असं नाही. हे तपासायला एक मिनिट लागतं. पीडीएफ उघडा, एक ओळ सिलेक्ट करा, कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून पाहा. चारपैकी एक गोष्ट होईल.

एक, ओळ जशीच्या तशी मराठीत उमटेल. छान, ही फाइल युनिकोडमध्ये आहे आणि शोधता येईल.

दोन, ओळ सिलेक्टच होणार नाही. म्हणजे तो कागदाचा फोटो आहे. कॉम्प्युटरच्या दृष्टीने त्यात एकही अक्षर नाही, फक्त काळे-पांढरे ठिपके आहेत. इथे ‘ओसीआर’ लागतं, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारं सॉफ्टवेअर. ‘टेसरॅक्ट’ हे मोफत ओसीआर मराठी वाचू शकतं. त्यावर बेतलेलं ‘ओसीआरमायपीडीएफ’ मूळ चित्र तसंच ठेवून त्यामागे शोधता येईल असा मजकूर बसवतं.

तीन, ओळ कॉपी होईल पण इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसेल. ही फाइल जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. कृतिदेव किंवा श्रीलिपीसारखे फॉन्ट अनेक वर्षं कार्यालयांत आणि छापखान्यांत वापरले गेले. त्यांत फाइलमध्ये साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. माणसाला ‘अलिबाग’ दिसतं, सर्च इंजिनला मात्र निरर्थक अक्षरं. अशा मजकुरासाठी फॉन्ट कन्व्हर्टर वापरावा लागतो. तो जमला नाही, तर पानाचं चित्र करून त्यावर ओसीआर चालवावं लागतं.

चार, ओळ बरीचशी बरोबर येईल, पण वेलांट्या भलतीकडे गेलेल्या आणि जोडाक्षरं फुटलेली असतील. ही फाइल सर्वांत फसवी. शोध अर्धवट चालतो, त्यामुळे सगळं ठीक आहे असा समज होतो आणि काही पानं गुपचूप निसटतात.

ओसीआरही चुकतं. पिवळा पडलेला कागद, पुसट शाई, वाकडं स्कॅन असेल, तर ‘चरी’चं ‘चारी’ होऊ शकतं. म्हणून स्कॅन करतानाच कागद सरळ ठेवणं आणि रिझोल्यूशन चांगलं घेणं फायद्याचं. ३०० डीपीआय हा साधारण मानला जाणारा आकडा.

मोडी लिपीतल्या कागदांची गोष्ट वेगळी. आंग्रेकालीन कागद असोत किंवा घरातलं जुनं खरेदीखत, ते आधी मोडी वाचणाऱ्या जाणकाराने देवनागरीत उतरवावं लागतं. सूची त्या देवनागरी मजकुराची होते आणि शेजारी मूळ मोडी पानाचा फोटो जोडता येतो.

एकच शब्द, दहा रूपं

इंग्रजीत शब्द फारसे बदलत नाहीत. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो आणि शब्दही आतून बदलतो. अलिबाग, अलिबागचा, अलिबागला, अलिबागमध्ये, अलिबागहून, अलिबागकर. आपल्यासाठी हे एकाच गावाचं नाव, साध्या सर्च इंजिनसाठी सहा वेगळे शब्द.

अलिबागमध्ये निदान मूळ शब्द तसाच राहतो. ‘कूळ’मध्ये तोही राहत नाही. कूळ लिहिताना ऊकार दीर्घ, कुळाला लिहिताना ऱ्हस्व. मीठ पण मिठाचा, पाऊस पण पावसात, समुद्र पण समुद्रावर.

यावर उपाय आहे ‘स्टेमिंग’. सूची बनवताना आणि शोधताना, दोन्ही वेळा शब्दाचे प्रत्यय छाटून उरलेला गाभा ठेवायचा. ‘कुळांचा’ आणि ‘कुळाला’ दोन्ही ‘कुळ’ झाले, आणि दीर्घ-ऱ्हस्व एकच मानले, तर ‘कूळ’ शोधणाऱ्यालाही ती पानं मिळतात.

पण कात्री आंधळी असेल, तर तीही घात करते. ‘ला’ दिसला की छाटायचा असा नियम केला, तर ‘किल्ला’चं ‘किल्’ होतं. ‘चा’ छाटला, तर ‘मोर्चा’चं ‘मोर्’ होतं. म्हणून छाटण्याचे नियम काळजीपूर्वक लिहावे लागतात आणि न छाटण्याच्या शब्दांची यादी सोबत द्यावी लागते.

जगातली अनेक सर्च सॉफ्टवेअर ‘लुसीन’ नावाच्या मोफत इंजिनावर चालतात. ते डग कटिंग यांनी १९९९ मध्ये सुरू केलं. इलॅस्टिकसर्च आणि ‘सोलर’ ही दोन्ही त्यावरच उभी आहेत. त्यात हिंदीसाठी तयार नियम आहेत. लिपी एकच असल्याने दीर्घ-ऱ्हस्व एक मानण्यासारखे नियम मराठीलाही उपयोगी पडतात. पण ‘च्या’, ‘मध्ये’, ‘हून’ हे मराठी प्रत्यय हिंदीचे नियम ओळखत नाहीत. त्यामुळे ‘देवनागरी चालतं’ आणि ‘मराठी चालतं’ या दोन गोष्टी एकच समजू नयेत.

दिसायला सारखं, आतून वेगळं

‘किनाऱ्यावर’ हा शब्द घ्या. अलिबागबद्दलच्या कुठल्याही मजकुरात तो येणारच. यातला ‘ऱ्या’ कॉम्प्युटरवर दोन प्रकारे लिहिता येतो. एका पद्धतीत नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरतात. दुसऱ्या पद्धतीत साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. कॉम्प्युटरसाठी ते वेगळे शब्द आहेत. तुमच्या कीबोर्डची पद्धत एक आणि कागद टाइप करणाऱ्याची दुसरी असेल, तर शोध रिकामा येतो आणि चूक डोळ्यांना दिसतच नाही.

‘ॲ’चंही तसंच. तो एक अक्षर म्हणून टाइप होतो किंवा ‘अ’वर चंद्र देऊनही.

आकड्यांचा घोळ याहून रोजचा. एका कागदात १९३३ देवनागरी आकड्यांत असतं, दुसऱ्यात इंग्रजी आकड्यांत. जमिनीच्या बाबतीत हे महाग पडू शकतं. कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. काही अपवाद वगळता, त्या दिवशी जमीन कसणारं कूळ तिचं मालक मानलं गेलं. त्यानंतर जमिनीची किंमत ठरवणारे आदेश कलम ३२-ग खाली झाले. आजोबांच्या नावचा असा आदेश शोधणाऱ्याला तो ‘३२-ग’, ‘३२ ग’, ‘३२ग’ किंवा इंग्रजी आकड्यांत लिहिलेला असू शकतो. सर्च इंजिनने हे सगळं एकच मानलं नाही, तर चारपैकी तीन कागद हातचे जातात.

उपाय सोपा आहे, त्याला ‘नॉर्मलायझेशन’ म्हणतात. सूचीत घालण्याआधी प्रत्येक शब्द एकाच साच्यातून काढायचा: ‘ऱ्या’ एकाच पद्धतीचा, ‘ॲ’ एकच, आकडे एकाच लिपीत. शोधणाऱ्याने टाइप केलेला शब्दही त्याच साच्यातून जातो. मूळ कागद बदलत नाही, फक्त सूची बदलते.

नाव बदललं, जिल्हा तोच

आता पुन्हा कुलाब्याकडे. हा एक शब्द सर्च इंजिनला किती गोंधळात टाकू शकतो पाहा. मुंबईच्या दक्षिण टोकाला कुलाबा आहे. अलिबागसमोर समुद्रात कुलाबा किल्ला आहे. आणि १९८० पर्यंत अख्ख्या जिल्ह्याचंच नाव कुलाबा होतं.

त्यात भर म्हणजे मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतलं पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी करण्याचं काम १९०४ मध्ये अलिबागला आलं. मुंबईत ट्राम विजेवर धावणार होत्या आणि त्या विजेने नाजूक उपकरणांत बिघाड झाला असता. म्हणजे एका कुलाब्याहून ते दुसऱ्या कुलाबा जिल्ह्यात गेलं.

‘रायगड’ तरी सरळ आहे का? नाही. तो किल्ला आहे आणि जिल्हाही.

रोमन लिपीत तर आणखी रूपं. अलिबागच्या शेवटी कोणी ‘एच’ लावतं, कोणी नाही. कुलाबा ‘सी’ने लिहितात आणि ‘के’नेही. आंग्रे इंग्रजांच्या कागदांत ‘आंग्रिया’ होतात. १८८३ मध्ये निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा अकरावा खंड कुलाबा आणि जंजिरा यांच्यावर आहे. इंग्रजीतल्या त्या खंडात मराठीतून काही शोधायचं, तर ही रूपं जोडूनच द्यावी लागतील.

यासाठी बहुतेक सर्च सॉफ्टवेअरमध्ये ‘समानार्थी शब्दांची यादी’ देण्याची सोय असते. साधी टेक्स्ट फाइल, एका ओळीत एकमेकांऐवजी चालणारे शब्द. तीत ‘रायगड जिल्हा, कुलाबा जिल्हा’ अशी ओळ लिहिली, की १९३३ चा कागद समोर येतो. मात्र नुसतं ‘रायगड, कुलाबा’ लिहिलं, तर महाडजवळचा किल्ला शोधणाऱ्याला मुंबईच्या कुलाब्यातली हॉटेलं दिसू लागतील. म्हणून यादीत पूर्ण शब्दसमूह द्यायचा.

ही यादी कुठलीही कंपनी बनवून देणार नाही. गावाचं जुनं नाव, वाडीचं तोंडी नाव, खाडीला स्थानिक लोक काय म्हणतात, हे तिथल्याच माणसाला माहीत असतं.

जुना कागद योग्य वेळी हाताशी आला, तर काय होऊ शकतं, याचं उदाहरण याच वेधशाळेचं आहे. सप्टेंबर १८५९ मधल्या प्रचंड सौर वादळाची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झाली होती. त्या नोंदींचा अभ्यास करून भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी वादळाच्या तीव्रतेचा अंदाज मांडला तो २००३ मध्ये, तब्बल १४४ वर्षांनी.

कोणतं सॉफ्टवेअर कोणासाठी?

घरचे किंवा कार्यालयातले कागद, एकाच कॉम्प्युटरवर: ‘डॉकफेचर’ किंवा ‘रिकॉल’. दोन्हींच्या मोफत आवृत्त्या आहेत. फोल्डर दाखवायचं, ते सूची बनवतं. कागद कॉम्प्युटरबाहेर जात नाहीत, म्हणून खासगी कागदांसाठी हा मार्ग बरा.

निवडक वेबसाइटवर शोध: गुगलचं ‘प्रोग्रॅमेबल सर्च इंजिन’. कोणत्या वेबसाइटवर शोधायचं ते ठरवायचं आणि मिळालेली चौकट आपल्या पानावर बसवायची. कोडिंग जवळजवळ नाही. पण मोफत प्रकारात जाहिराती दिसतात आणि गुगलने जी पानं वाचलेली नाहीत, ती इथेही सापडत नाहीत. फक्त एकदाच शोधायचं असेल, तर गुगलवर शब्दाआधी ‘साइट’ हा इंग्रजी शब्द, अपूर्णविरामाचं चिन्ह आणि लगेच वेबसाइटचा पत्ता लिहिला तरी काम होतं.

छोट्या संस्थेची स्वतःची साधी वेबसाइट: ‘पेजफाइंड’. वेबसाइट तयार होतानाच ते सूची बनवून ठेवतं, वेगळा सर्व्हर लागत नाही.

हजारो कागद, अनेक जण शोधणारे: ‘सोलर’, ‘इलॅस्टिकसर्च’, ‘ओपनसर्च’. समानार्थी शब्द, प्रत्यय, साचे, सगळं हवं तसं ठरवता येतं. पण सर्व्हर आणि जाणकार माणूस लागतो. याच धाटणीचं ‘फेस’ नावाचं मोफत जपानी सॉफ्टवेअर वेबसाइट आणि फोल्डर दोन्ही वाचतं आणि बरीचशी मांडणी ब्राउझरमधूनच करता येते.

निवड करताना एकच प्रश्न आधी विचारावा: यात मराठी प्रत्यय आणि समानार्थी शब्दांसाठी मला काही ठरवता येतं का? उत्तर ‘नाही’ असेल, तर शोधणाऱ्याला निदान एवढं सांगून ठेवावं, की शब्दाची दोन-तीन रूपं टाकून पाहा.

एआय आल्यावर हे सगळं कशाला?

आता अर्थावरून शोधणारी सॉफ्टवेअरही आली आहेत. ती प्रत्येक परिच्छेदाच्या अर्थाचं आकड्यांत रूपांतर करतात आणि जवळच्या अर्थाचे परिच्छेद समोर आणतात. ‘शेतकऱ्यांनी जमीन कसायला नकार दिला’ असं विचारलं, तर ‘संप’ हा शब्द न टाकताही चरीचं पान येऊ शकतं. मराठीसाठी पुण्याच्या ‘एल३क्यूब’ या गटाने ‘महाबर्ट’सारखी मॉडेल तयार करून खुली केली आहेत.

पण इथेही दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. फाइलमध्ये अक्षरंच नसतील, तर एआयलाही काही वाचता येत नाही. आणि जमिनीचा गट क्रमांक, आदेशाची तारीख, माणसाचं आडनाव शोधताना ‘जवळपासचं’ उपयोगाचं नसतं, नेमकं तेच लागतं. गट क्रमांक ११२ विचारल्यावर १२१ चा कागद आला, तर तो अर्थाने जवळचा असेल, कामाचा नाही. म्हणून शब्दावरून शोध आणि अर्थावरून शोध दोन्ही एकत्र चालवणं जास्त भरवशाचं.

एआयने उत्तर लिहून दिलं, तर ते कोणत्या पानावरून आलं हे उघडून पाहायची सवय ठेवावी.

सगळंच शोधता यावं का?

सोय आहे म्हणून प्रत्येक गोष्ट सर्च इंजिनमध्ये घालू नये. मतदारयादी, जमिनीचा उतारा, लाभार्थ्यांची यादी, हे सुटे कागद वेगवेगळ्या ठिकाणी असतात, तोवर एखाद्या व्यक्तीची पूर्ण माहिती सहज हाती लागत नाही. ते एका चौकटीत आणले, की नाव टाकताच पत्ता, वय, जमीन, नातेवाईक सगळं समोर येतं. व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी भारतात २०२३ मध्ये कायदा झाला आहे. संस्थेने असं काही बनवण्याआधी तो पाहायलाच हवा.

दुसऱ्यांच्या वेबसाइट आपोआप वाचणारा प्रोग्रॅम लावताना त्या वेबसाइटच्या सूचना पाळाव्यात आणि सर्व्हरवर ताण आणू नये. जुनी पुस्तकं पूर्ण दाखवण्याआधी कॉपीराइट तपासावा. भारतात तो साधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो.

दुसरी बाजू मात्र तेवढीच महत्त्वाची. जे सार्वजनिक आहे, ते खरोखर सापडायला हवं. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ मध्ये अगदी सुरुवातीलाच सांगितलं आहे, की सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख नीट सूची करून, माहिती मिळवणं सोपं होईल अशा रीतीने ठेवावेत. म्हणजे नुसता स्कॅन केलेला फोटो वेबसाइटवर टाकणं पुरेसं नाही, सूचीही हवी. फोटो स्वरूपातली, शोधता न येणारी पीडीएफ टाकली, तर कागद जाहीर होतो, पण नागरिकाच्या हाती लागत नाही.

सुरू करण्याआधी वीस प्रश्न

सर्च इंजिन तयार झालं, की ते चांगलं आहे का, हे कसं ओळखायचं? ज्यांची उत्तरं तुमच्या कागदांत नक्की आहेत, असे वीस प्रश्न एका वहीत लिहा. त्यात जुनं नाव असावं, प्रत्यय लागलेला शब्द असावा, ‘ऱ्या’ असलेला एक, आकडा असलेला एक आणि इंग्रजी कागदातला एक. प्रत्येक प्रश्न टाकून पाहा. किती सापडले, किती निसटले आणि नको ते किती आले, हे मांडा. जो निसटला, त्याचं कारण शोधा: अक्षर, प्रत्यय, साचा की नाव. यादीत भर घाला आणि पुन्हा तपासा.

आणि शोधणारे तुम्ही असाल, तर कोरी चौकट पाहून हात टेकू नका. प्रत्यय काढून पाहा, दीर्घ-ऱ्हस्व बदलून पाहा, आकडे दुसऱ्या लिपीत टाका, गावाचं जुनं नाव आठवा किंवा घरातल्या मोठ्यांना विचारा. ‘काहीही सापडलं नाही’ याचा अर्थ एवढाच असतो, की तुम्ही लिहिलेला शब्द सूचीत नाही. कागद कदाचित ‘कुलाबा’ या नावाखाली तिथेच असेल.